धारेची विद्यापती पदवी आणि एक अब्ज शहात्तर कोटींचे उत्तर

१,७६,६३,१९,०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. स्मरणिकेत एवढा मोठा आकडा दिसला की वाचक तो जमाखर्चाच्या पानावरचा समजतील. पण आपल्याकडच्या कोणत्याही मंडळाने एवढी वर्गणी स्वप्नातही पाहिलेली नाही. हा आकडा आहे भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तल्या एका उदाहरणाचे उत्तर. शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. त्यांपैकी ‘लीलावती’चा आरंभ गजाननाला वंदन करून झाला आहे, तेव्हा गणपतीच्या दिवसांत हा विषय काढायला हरकत नसावी. आम्ही तो काढण्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. ज्या घरात हे उत्तर निघाले, त्या घराचा एक धागा आपल्या धारेत येऊन पोहोचतो, आणि त्या धाग्याविषयी आपल्यातच बऱ्याच सैल गोष्टी बोलल्या जातात.

आधी उदाहरण पाहू. ते कुणालाही समजेल. एक पूर्ण संख्या घ्यायची, तिचा वर्ग करायचा, त्याला ६१ ने गुणायचे आणि एक मिळवायचा. जे येईल त्याचे वर्गमूळ बिनबाकी निघाले पाहिजे. अशी संख्या कोणती? भास्कराचार्य हे ‘मित्रा, सांग बघू’ अशा थाटात विचारतात. आणि ६१ च्या जोडीला ६७ साठीही हाच प्रश्न घालतात.

६१ चे शेजारी घेतले तर हे कोडे अगदीच पोरखेळ वाटते. ६० साठी उत्तर ४: चाराचा वर्ग १६, साठपट ९६०, एक मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ साठी उत्तर ८: आठाचा वर्ग ६४, बासष्टपट ३९६८, एक मिळवला की ३९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. ६३ ला तर नुसता १ पुरतो. ६७ थोडा त्रास देतो. त्याचे उत्तर ५९६७, आणि वर्गमूळ ४८,८४२. पण ६१ चे सगळ्यांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०, आणि वर्गमूळ म्हणजे आपला सुरुवातीचा आकडा. त्याच्या खाली, शून्य सोडले तर, एकही संख्या चालत नाही. एका सेकंदाला एक या गतीने, न जेवता न झोपता, एक, दोन, तीन असे तपासत गेले तर उत्तरापर्यंत पोहोचायला सात वर्षांहून अधिक काळ लागेल. (बावीस कोटींच्या मागोमाग एकसष्ट लाख आले आहेत, तो निव्वळ योगायोग. त्यात काही गूढ शोधू नये.)

मग भास्कराचार्यांनी ते काढले कसे? इथेच आम्हाला थोडे रेंगाळायचे आहे. उत्तराचा आकार पाहून लोक थक्क होतात, पण खरी थक्क करणारी गोष्ट अशी की ते चार-पाच ओळींत निघते.

या प्रकाराला ‘वर्गप्रकृती’ म्हणत. त्याचा पाया ब्रह्मगुप्ताने ६२८ साली घातला होता. त्याची युक्ती अशी की उत्तर बरोबर जमत नसेल तर जवळपासचे घ्या आणि किती चुकले ते लिहून ठेवा. या चुकीला ‘क्षेप’ म्हणायचे. अशी दोन अर्धवट उत्तरे ठराविक रीतीने एकमेकांत गुंफली की तिसरे उत्तर मिळते, आणि त्याचा क्षेप पहिल्या दोन क्षेपांचा गुणाकार असतो. या गुंफण्याला ‘भावना’ असे नाव आहे. ब्रह्मगुप्ताने ९२ चे उदाहरण घालून, जो हे वर्षभरात सोडवील तो गणक, अशा अर्थाचे आव्हानही दिले होते. (उत्तर १२०, ताडून पाहायला सोपे आहे.) पण भावनेला योग्य क्षेप हाती लागावा लागतो. तो लागत नसेल तेव्हा क्षेप हळूहळू लहान करत नेण्याची फिरती रीत म्हणजे ‘चक्रवाल’. ही रीत भास्कराचार्यांच्याही आधीची आहे. उदयदिवाकर नावाच्या टीकाकाराने १०७३ साली आचार्य जयदेव यांच्या नावावर ती उतरून ठेवली आहे, आणि हे जगाला कळले ते १९५४ मध्ये, कृपाशंकर शुक्ल यांच्यामुळे. तेव्हा चक्रवालाचे सगळे श्रेय एकट्या भास्कराचार्यांना देणे बरोबर नाही. ६१ वर ती चालवून दाखवणे मात्र त्यांचे.

सुरुवात १ पासून. एकाची ६१ पट ६१. त्यात ३ मिळवले की ६४, म्हणजे ८ चा वर्ग. लहान संख्या १, मोठी ८, क्षेप ३. आता असा गुणक शोधायचा की लहान संख्येला त्याने गुणून मोठी मिळवली असता बेरजेला ३ ने पूर्ण भाग जावा. शिवाय गुणकाचा वर्ग ६१ च्या जितका जवळ असेल तितके बरे. ७ बसतो: सात आणि आठ पंधरा, भागिले तीन, पाच. नवी लहान संख्या ५. पाचाच्या वर्गाची ६१ पट १५२५. ३९ चा वर्ग १५२१. म्हणजे मोठी संख्या ३९ आणि क्षेप उणे ४.

क्षेप ४ असला की भास्कराचार्य सरळ निम्मे करतात. ५ चे अडीच, ३९ चे साडेएकोणीस, क्षेप उणे १. पूर्णांकाच्या प्रश्नात अपूर्णांक कशाला, असे वाटेल. पण देवासकरांना हे नवे नाही. थोरली पाती आणि धाकटी पाती असे एका गावाचे दोन भाग होऊन दोन गाद्या, दोन दरबार दोनशे वर्षांवर नांदले, आणि १९४८ मध्ये दोन्ही एकाच मध्य भारतात विलीन झाले. इथेही अर्धे पुढे पूर्ण होतात. या अर्ध्या जोडीची स्वतःशीच भावना केली की १९५ चे निम्मे आणि १५२३ चे निम्मे अशी जोडी येते, क्षेप अधिक १. तिची पुन्हा मागच्या अर्ध्या जोडीशी भावना केली की अपूर्णांक नाहीसे होतात: लहान ३८०५, मोठी २९,७१८, क्षेप उणे १. हवा होता अधिक १. उणे एकाला उणे एकाने गुणले की अधिक एक, म्हणून शेवटची भावना याच जोडीची स्वतःशी. झाले उत्तर. लहान २२,६१,५३,९८०, मोठी १,७६,६३,१९,०४९.

घरातल्या आठवी-नववीच्या मुलांना हे वहीच्या एका पानावर करून पाहता येईल. जुन्या पद्धतीने नवाचा ताळा पाहायचा तर तोही जमतो. लहान संख्येतील अंकांची बेरीज ३६, म्हणजे नवाने भाग जाऊन बाकी शून्य. मोठीची ४६, त्याचे १०, त्याचा १. शून्याची ६१ पट शून्य, त्यात १ मिळवला की १. आणि एकाचा वर्ग एक.

या मोठ्या संख्येचा एक गुण आम्हाला विशेष आवडतो. तिच्या अलीकडची संख्या १,७६,६३,१९,०४८ ही २९,७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट आहे. पलीकडची १,७६,६३,१९,०५० ही ३८०५ च्या वर्गाची बरोबर १२२ पट, म्हणजे ६१ च्या दुपटीने गुणलेली. म्हणजे चक्रवालाच्या शेवटून दुसऱ्या ओळीतल्या दोन्ही संख्या आपल्या उत्तराच्या डाव्या-उजव्या हाताला उभ्या आहेत. दुसरा गुण व्यवहाराचा. मोठीला लहानीने भागले तर ६१ चे वर्गमूळ मिळते, ७.८१०२४९६७५९०६६५४३९, असे दशांशचिन्हानंतरच्या सतरा अंकांपर्यंत अचूक. ६१ चे वर्गमूळ कोणत्याच अपूर्णांकात नेमके मावत नाही, पण इतके जवळ नेणारा अपूर्णांक साडेआठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आहे.

युरोपात हाच प्रश्न, हाच ६१ घेऊन, फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६५७ साली आपल्या समकालीनांना घातला. जोडीला १०९ दिला होता. त्याचे उत्तर १५ अंकी वर्गमूळ देते. भास्कराचार्यांच्या ग्रंथाची फर्माला गंधवार्ताही नव्हती. ६१ मध्येच काहीतरी अवघड आहे, हे दोघांना स्वतंत्रपणे जाणवले होते. इंग्लंडमधल्या ब्राउंकर यांनी रीत काढली, पुढे ऑयलरने चुकून तिला पेल या तिसऱ्याच माणसाचे नाव दिले, आणि आज जगभर ‘पेलचे समीकरण’ हेच नाव चालते. नावांचे असेच होते. पुढे लाग्रांजने, वर्गसंख्या सोडून कोणताही आकडा घेतला तरी उत्तर असतेच, हे सिद्ध केले. असे सिद्धीकरण भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. चक्र दर वेळी पूर्ण होतेच, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असावे. आपल्या परंपरेचा अभिमान बाळगताना हा फरक झाकण्याची काहीच गरज नाही; कोलब्रुक यांचा १८१७ चा इंग्रजी अनुवाद वाचून हांकेल या जर्मन इतिहासकाराने लाग्रांजपूर्वीच्या संख्याशास्त्रात चक्रवालाला सर्वोच्च स्थान दिले, एवढे पुरेसे आहे.

आता धारेकडे. आमच्या कार्यक्रमांतल्या भाषणांत ‘भोजराजाच्या दरबारातले भास्कराचार्य’ असे पुष्कळदा कानावर येते. ते शक्य नाही. राजा भोजाचा काळ साधारण १०१० ते १०५५. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे १११४. मधे साठ वर्षांचे अंतर आहे. मात्र या चुकीमागे एक खरी गोष्ट आहे, आणि ती चुकीपेक्षा सुंदर आहे.

चाळीसगावजवळ, सातमाळ्याच्या डोंगराच्या कुशीत, पाटण नावाचे जुने गाव आहे. पाटणादेवीमुळे खानदेशात ते सर्वांना ठाऊक आहे. तिथला एक शिलालेख मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांसमोर आणला, आणि पुढे कीलहॉर्न यांनी तो शास्त्रशुद्ध रीतीने प्रसिद्ध केला. लेख शके ११२८ नंतरचा, म्हणजे १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या सिंघण यादवाचे राजज्योतिषी होते. त्यांनी आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला, आणि त्याला स्थानिक निकुंभ राजांनी दान दिले, त्याची ही नोंद.

या लेखात घराण्याची वंशावळ आहे. मूळ पुरुष कविचक्रवर्ती त्रिविक्रम. त्यांचे पुत्र भास्करभट्ट. मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि महेश्वरांचे पुत्र आपले भास्कराचार्य. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर, आणि लक्ष्मीधरांचे चांगदेव. यातल्या भास्करभट्टांविषयी शिलालेख सांगतो की त्यांना भोजराजाने ‘विद्यापती’ ही पदवी दिली.

तर दोन भास्कर. धारेच्या राजाने गौरवले ते भास्करभट्ट. भास्कराचार्यांच्या खापरपणजोबांचे ते वडील. पिढ्या मोजल्या तर काळ जरा दाटीने बसतो, पण बसतो. घरात पूर्वजाचे नाव पुन्हा ठेवायची चाल आपल्याला नवी नाही. त्या नावातच दोन माणसे एक झाली आणि भाषणांत साठ वर्षे गडप झाली.

पदवी देणारा हा राजाही नुसता दाता नव्हता. ‘राजमृगांक’ हा ग्रहगणिताचा करणग्रंथ भोजाच्या नावावर आहे, त्याचा आरंभशक ९६४, म्हणजे १०४२. ज्या राजाच्या दरबारात ग्रहांची कोष्टके तयार होत, त्याने दिलेली ‘विद्यापती’ पदवी शोभेची नसणार, असे आम्हाला वाटते. भोजानंतर माळव्याला वाईट दिवस आले. पाच पिढ्यांनंतर हे घराणे दिसते ते सह्याद्रीच्या आश्रयाला. भास्कराचार्य आपले गाव विज्जडविड असे सांगतात. ते नेमके कोणते, यावर विद्वानांत वाद आहेत. आम्ही त्यात पडत नाही.

आपल्याकडे इतिहास सांगायचा म्हणजे अठराव्या शतकापासून: उदाजीराव पवार, आनंदराव पवार, देवासला तुकोजीराव आणि जिवाजीराव, आणि त्यांच्याबरोबर आलेली आपली फडणीस, चिटणीस, दीक्षित, जोशी घराणी. दक्षिणेतून माळव्यात मराठी विद्या आणली ती आपण, असा त्यात एक सूर असतो. पवार घराणे स्वतःला परमारांचे वंशज मानते, म्हणून ‘घरी परत आलो’ असेही म्हटले जाते. धार संस्थानच्या शिक्षणखात्याचे का. कृ. लेले यांनी कॅप्टन ल्युआर्ड यांच्यासह १९०८ मध्ये परमारांचा इतिहास लिहिला, तेव्हापासून या दोन काळांची सांधेजोड आपल्याकडे चालू आहे. पण पाटणचा लेख सांगतो की पवारांच्या सातशे वर्षे आधी या वाटेने गौरव उलट दिशेनेही गेला होता. मानकरी घराणे पुढे सह्याद्रीकडचे. पदवीचा शिक्का धारेचा. खलघाटला नर्मदा ओलांडून सेंधव्यावरून खानदेशात उतरणारा रस्ता आपल्या पूर्वजांनी पहिल्यांदा तुडवला नाही.

या गोष्टीचा एक माळवी उत्तरार्धही आहे, आणि तो देवासकरांच्या वाटेवरचा. देवासहून भोपाळला जाताना आष्ट्यानंतर सिहोर लागते. एकोणिसाव्या शतकात तिथे इंग्रजांची छावणी होती आणि लॅन्सलॉट विल्किन्सन हे तिथले पोलिटिकल एजंट. या गृहस्थांना सिद्धांतशिरोमणीचे वेड होते. त्यांनी सिहोरच्या संस्कृत पाठशाळेत पुराणांतल्या भूगोलाऐवजी भास्कराचार्य शिकवायला लावले. पृथ्वी गोल आहे हे परदेशी पुस्तकातून सांगण्यापेक्षा घरच्याच आचार्याच्या तोंडून सांगावे, हा त्यांचा हिशेब. त्यांच्या आश्रयाला असलेल्या सुबाजी बापू यांनी १८३६ साली ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हे पुस्तक लिहिले, तेही मराठीत. त्यात पुराणांचे, सिद्धांतांचे आणि कोपर्निकसचे अशी तीन मते समोरासमोर ठेवली आहेत. माळव्यात बसून मराठीत आधुनिक ज्योतिष सांगणारे हे पुस्तक आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. मूळचे पुण्याकडचे बापूदेव शास्त्री हेही नागपूरहून विल्किन्सनबरोबर सिहोरला आले, तिथे शिकले आणि १८४२ मध्ये काशीच्या संस्कृत महाविद्यालयात गेले. विल्किन्सननी केलेला गोलाध्यायाचा इंग्रजी अनुवाद त्यांच्या मृत्यूनंतर बापूदेवांनीच तपासून दिला. तो १८६१ मध्ये छापला गेला.

मराठीचा विषय निघालाच आहे, तर पाटणच्या शिलालेखातली एक गोष्ट सांगायची राहिली. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे: वंशावळ, स्तुती, मठाची स्थापना. शेवटच्या काही ओळी मात्र मराठीत आहेत, ज्ञानेश्वरीच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे आधीच्या मराठीत. पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावर राजाला जो भाग मिळत असे तो आता मठाला द्यायचा, तेलाच्या घाण्यांकडून तेल द्यायचे, अशी नोंद त्यात केली आहे. विद्यापतींचे घराणे कोणाचे, हे पंडितांना कळले तरी पुरे होते. पण मठात सिद्धांतशिरोमणी शिकणाऱ्या मुलांच्या दिव्याला तेल कोणी घालायचे, हे बाजारातल्या तेल्याला आणि वाण्याला वाचून दाखवायचे होते, म्हणून ते त्यांच्या भाषेत कोरले.